रफिकचाचा, ती ओळ माझी होती

रफिकचाचा, तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. आप्पा अजून संध्याकाळी ओट्यावर बसले की तुमच्या दाराकडं बघून विचारतात, "रफिकची बस आली न्हाई का गं?" मग त्यांचं त्यांनाच आठवतं आणि ते उठून आत जातात. तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मला तिथून उठावंसं वाटतं. तुमच्या घरी त्या तीन दिवसांत एवढी माणसं येऊन गेली, कंपनीतली, थेरगावातली, मशिदीतली. सगळी रडायला आली होती. मला रडण्याच्या आधी माफी मागायची होती, आणि ऐकायला तुम्ही नव्हतात.

म्हणून लिहिते आहे. तुम्हाला लिहून काही पोचत नाही, हे मला कळतं. पण तोंडानं सांगायची वेळ होती तेव्हा मी सांगितलं नाही, आणि आता एवढंच उरलं आहे.

तुम्ही आणि चाची आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलात तेव्हा मी दुसरीत होते. भाडेकरू हा शब्द तुमच्यासाठी घरात कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. चाकणच्या कंपनीत तुम्ही फोर्कलिफ्ट चालवायचात. लहानपणी मला वाटायचं की फोर्कलिफ्ट म्हणजे क्रेन. तुम्ही मला अंगणात बसवून दोन्ही हात पुढं करून दाखवलं होतं. हे दोन काटे, हे मालाच्या पाटाखाली घालायचे, आणि माल उचलून रॅकवर ठेवायचा. "पण बेटा, खरी गंमत मागं असते," तुम्ही म्हणाला होतात. "मोटारीची पुढची चाकं वळतात. हिची मागची वळतात. म्हणून वळताना हिचं मागचं अंग झपकन बाहेर येतं. मागं उभं राहिलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही."

मला तेव्हा त्यात काही गंमत वाटली नाही. पण तुमचं शिकवणं आवडायचं. बारावीनंतर आप्पांनी स्कूटी घेऊन दिली, तेव्हा आप्पा तीन वेळा माझ्यावर ओरडले आणि चौथ्या वेळी चावी तुमच्या हातात देऊन घरात गेले. तुमची दुपारची शिफ्ट असली की सकाळी आपण पवनेकाठच्या मोकळ्या जागेत जायचो. मी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर पिळायचे. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाही. "परत," एवढंच म्हणायचात. परत. परत. मी आठ दिवसांत शिकले. नंतर मी शिकवायला लागले तेव्हा तुमच्यातलं हे 'परत' माझ्यात जरासुद्धा आलं नव्हतं, हे तुम्ही पाहिलंत. आणि त्याबद्दलही काही बोलला नाहीत.

हिंजवडीतली माझी नोकरी दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायची. गेम बनवणं मी घरी व्हिडिओ बघून शिकले, आणि जेमतेम दोन-तीन महिने शिकून झाल्यावर निगडी प्राधिकरणातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी शाळेतल्या मुलांचा वर्ग सुरू केला. मुलांच्या मी फार तर दोन धडे पुढं असायचे. हे मी कुणालाच कळू देत नव्हते.

तुम्ही वर्गात आलात ते सुनंदाताईंमुळं. तुमच्या शेडमध्ये पॅकिंगला असलेल्या सुनंदाताई फोर्कलिफ्टच्या मागं उभ्या होत्या, गाडी वळली, आणि मागचं अंग त्यांच्या पायावर आलं. डाव्या पायाची दोन बोटं गेली. गाडी तुम्ही चालवत नव्हतात. पण जो चालवत होता त्याला तुम्ही शिकवलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही आमच्या ओट्यावर बसलात आणि चहाला हात लावला नाहीत.

"आप्पा, मी पंधरा जणांना गाडी चालवायला शिकवली," तुम्ही म्हणालात. "पण गाडीच्या आसपास उभं कसं राहायचं, ते कुणाला शिकवलंच नाही. नव्या पोरी येतात, त्यांना एक कागद देतात वाचायला. सही घेतात. झालं."

आणि मग माझ्याकडं वळून, "वैशाली, तू ते गेम बनवायला शिकवतेस ना? त्यात फोर्कलिफ्ट येते का?"

मी हसले. येते म्हणाले. पुढच्या रविवारी तुम्ही माझ्या स्कूटीवर मागं बसून निगडीला आलात. चोपन्न वर्षांचे तुम्ही, आठवी-नववीच्या मुलांमध्ये दुसऱ्या बाकावर, कुणाकडून तरी घेतलेला जुना लॅपटॉप आणि दोनशे पानी वही घेऊन. वर्गात तुम्ही मला मॅडम म्हणायला लागलात. मी नको म्हटलं तर म्हणालात, "इथं तू शिकवतेस. इथं मॅडमच."

पहिल्या दिवशी मी जागा शिकवली. गेममध्ये एखादी वस्तू ठेवायची तर तिला तीन आकडे द्यावे लागतात: किती उजवीकडं, किती वर, किती पुढं. या तीन आकड्यांच्या संचाला व्हेक्टर म्हणतात. वस्तू हलवायची असेल तर तिच्या जागेच्या व्हेक्टरमध्ये दुसरा व्हेक्टर मिळवायचा. मी फळ्यावर खोका काढला, त्याच्या पुढच्या आकड्यात पाच मिळवले आणि खोका पाच पावलं पुढं गेला. मुलांना ते लगेच पटलं. तुम्ही हात वर केलात.

"मॅडम, पुढं म्हणजे कुणाच्या पुढं?"

"म्हणजे?"

"खोक्याच्या पुढं, का गोडाऊनच्या पुढं? माझी गाडी गेटकडं तोंड करून उभी असेल तर तिचं पुढं वेगळं. रॅककडं वळली तर तिचं पुढं वेगळं."

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणाले असते तर पाच मिनिटांत दोघांनी मिळून शोधलं असतं. मी म्हणाले, "चाचा, गेममध्ये जग एकच असतं. त्याचं पुढं एकच. तुमच्या कंपनीसारखा गोंधळ इथं नसतो." मुलं हसली. तुम्हीही थोडं हसलात, आणि वहीत काहीतरी लिहून खाली बसलात.

आता मला ते रोज ऐकू येतं. पुढं म्हणजे कुणाच्या पुढं. नवशिका माणूस जिथं हमखास अडकतो तो प्रश्न तुम्ही पहिल्याच तासाला विचारला होता. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस होतात तुम्ही. मी मात्र तुम्हाला मुलांपुढं गप्प बसवलं.

तरीही ते तीन महिने चांगले होते, चाचा. खोटं कशाला बोलू. तुम्ही वहीत आधी सगळी शेड पेन्सिलीनं काढलीत, पावलं मोजून, कुठलं रॅक कुठं ते आकड्यांत. मग ते आकडे एकेक करून स्क्रीनवर उतरवले. बारा रॅक, एक गेट, पॅकिंगचं टेबल. एकदा एक रॅक जमिनीत अर्धं बुडालं, कारण तुम्ही मधला आकडा विसरला होतात. तुम्ही इतके हसलात की शेजारच्या मुलीनं वळून पाहिलं. परत येताना डांगे चौकात वडापाव खाताना तुम्ही मला विचारत राहायचात, आणि मी मोठ्या माणसासारखी उत्तरं द्यायचे.

भांडलोसुद्धा आपण. गेममध्ये कामगार म्हणून फुकट मिळणारं चित्र हेल्मेटवाल्या पुरुषाचं होतं. तुम्हाला बाईच हवी होती, ओढणी कमरेला बांधलेली. "पॅकिंगला पोरीच असतात," तुम्ही म्हणायचात. आणि दुसरं म्हणजे अपघात. मी म्हटलं, गाडीचा धक्का बसला की किंचाळी वाजवा, स्क्रीन लाल करा, भीती वाटली पाहिजे. तुम्ही ठाम नाही म्हणालात. "पोरींना घाबरवायचं नाही, वैशाली. घाबरलेलं माणूस जागच्या जागी उभं राहतं. सुनंदा तशीच उभी राहिली होती." मी म्हटलं, मग गेम कंटाळवाणा होईल. तुम्ही म्हणालात, होऊ दे. ते भांडण तसंच राहिलं. मला वाटायचं, नंतर बघू.

गेममधली मुख्य गोष्ट होती लाल पट्टा. फोर्कलिफ्टच्या मागं जमिनीवर एक लाल चौकोन. गाडी जाईल तसा तो तिच्या मागं जायला हवा. त्यात पाय पडला की गेम थांबेल. सगळा गेम त्या एका पट्ट्यासाठी होता. आणि तो तुम्हाला जमत नव्हता. एका शनिवारी तुम्ही मला फोनवर त्याचा व्हिडिओ पाठवलात: गाडी चालली आहे आणि पट्टा जागेवरच पडून आहे.

मी तेव्हा एका मैत्रिणीच्या केळवणाला निघाले होते. घाईत कोडची एक ओळ लिहून पाठवली. गाडीची जागा घ्या, त्यातल्या पुढच्या आकड्यातून दोन वजा करा, तिथं पट्टा ठेवा. मी स्वतः गाडी सरळ चालवून पाहिली, पट्टा बरोबर मागं येत होता. मी तुम्हाला लिहिलं, "झालं चाचा. आता या ओळीला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, परत येताना तुम्ही मागून सांगितलंत, "मंगळवारी दाखवायचंय. ट्रेनिंग रूममध्ये. सेफ्टीचे साहेब येणार आहेत, नवीन भरतीच्या तीस पोरी आहेत." तुमच्या आवाजात एवढा आनंद होता की मी मागं वळून बघणार होते. तुम्ही ओरडलात, "पुढं बघ, पुढं!"

सोमवारी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून मी पुढचा धडा तयार करत होते. सहज म्हणून तुमच्या फोर्कलिफ्टसारखी एक गाडी केली, तुम्हाला दिलेली ओळ घातली आणि गाडी उजवीकडं वळवली. गाडी वळली. पट्टा वळला नाही. तो आपला आधीच्याच दिशेला दोन पावलं, गाडीच्या कुशीला पडून राहिला. गाडीच्या मागं, जिथं माणूस चिरडला जातो तिथं, जमीन स्वच्छ.

मला लगेच कळलं. तुमचा पहिला प्रश्न आठवला. मी गेमच्या जगाचं मागं घेतलं होतं. घ्यायचं होतं गाडीचं. ते कसं घ्यायचं हेही मला दहा मिनिटांत सापडलं. प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची पुढची दिशा असते, ती मागता येते, आणि तिच्या उलट दोन पावलं जायचं. एका ओळीचा बदल होता.

मी तुम्हाला मेसेज लिहिला. "चाचा, माझी चूक झाली, ओळ बदलायची आहे." लिहिला आणि पुसला. परत लिहिला, 'माझी चूक' काढून टाकलं. परत पुसला. मला वाटलं, फोन करून सांगू. मग वाटलं, ते सरळ गल्लीतच दाखवतील, वळवणार नाहीत. चाचा, फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस ती वळवून दाखवणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. वर्गातल्या मुलांसमोर मी तुम्हाला जग एकच असतं म्हणाले होते. आता तुम्ही बरोबर होतात हे मला सांगावं लागलं असतं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि कामाला गेले. मंगळवारही तसाच गेला.

त्या रविवारी स्कूटीवर बसल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"झालं," तुम्ही म्हणालात. "पोरी लई हसल्या."

मी म्हटलं, "वा!"

खरंच म्हणाले मी तसं. त्यांना आवडलं असंच मी समजले, किंवा तसं समजायला मला सोपं होतं. तुम्ही पुढं काही बोलला नाहीत.

नंतरचे रविवार मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. वस्तू वळवायचा धडा ठरलेला होता. मी तो पुढं ढकलला. आवाज शिकवले, गुण मोजणं शिकवलं, ढग कसे सरकवायचे ते शिकवलं. एका मुलीनं विचारलंसुद्धा, "मॅडम, गाडी वळवायची कधी?" मी म्हटलं, "ते अवघड आहे, शेवटी घेऊ." वळवायला शिकवलं असतं तर माझी ओळ चुकीची आहे हे तुम्हाला कळलं असतं. असे सहा रविवार गेले. तुम्ही एकही चुकवला नाहीत.

मग तुम्ही गेलात. कंपनीच्या बसमध्ये, घरी येताना, खिडकीला डोकं टेकवून. शेजारच्याला वाटलं झोप लागली आहे. त्यावर मला लिहवत नाही.

तिसऱ्या दिवशी सुनंदाताई आल्या. मी चाचींच्या स्वयंपाकघरात पाण्याचे ग्लास भरत होते. त्या लंगडत आत आल्या आणि मला ओळखून म्हणाल्या, "तुमीच का त्या वैशाली मॅडम? चाचा लई नाव काढायचे तुमचं." आणि मग त्यांनी त्या मंगळवारचं सांगितलं.

तुम्ही गेम सुरू केलात. गाडी सरळ गेली तोवर सगळ्या नीट बघत होत्या. मग तुम्ही ती रॅककडं वळवलीत आणि पट्टा बाजूला पडून राहिला. "एक पोरगी बोलली, चाचा, लाल गालिचा कुणासाठी अंथरलाय? मंग सगळ्याच हसल्या. चाचांनी परत वळवली, परत तसंच. गेममधली बाई गाडीच्या अगदी मागं उभी, अन् तिला काहीच होईना. साहेब म्हणले, रफिकभाई, हे तर उलटंच शिकवतंय. इथं उभं राहा म्हणून सांगतंय. बंद करा." सुनंदाताईंनी पदरानं डोळे पुसले. "साहेबांनी विचारलं, कुणी शिकवलं हे तुमाला? चाचा म्हणले, शिकवणारीनं बरोबर शिकवलं होतं साहेब, लिहिताना मीच चुकलो. माझंच वय झालं."

ग्लास भरून वाहत होता. सुनंदाताईंनीच नळ बंद केला.

मी त्यांना तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घर माणसांनी भरलेलं होतं, असं एक कारण होतं माझ्याकडं. कारणं मला नेहमी सापडतात.

आठवड्यानं चाचींनी तुमचा लॅपटॉप आणून दिला. "ह्यात त्यांचं काय काय आहे, मला काय कळतंय? तू बघ." मी तो एका सुट्टीच्या दुपारी उघडला. मला वाटलं होतं, त्या मंगळवारनंतर तुम्ही सोडून दिलं असेल.

तुम्ही सोडलं नव्हतं. गेम सुरू झाला. गाडी सरळ गेली, पट्टा मागं. रॅककडं वळली, आणि पट्टासुद्धा वळला. मी त्याचा कोड उघडला. माझी ओळ जशीच्या तशी होती. तिच्या वर तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: ही ओळ वैशालीची, हात लावू नये. आणि तिच्याखाली तुमच्या ओळी. तोंड गेटकडं असेल तर काही करू नका. गेटच्या उलट, ऑफिसकडं असेल तर पुढच्या आकड्यात चार मिळवा. उजव्या रॅककडं असेल तर पुढं दोन मिळवा आणि उजवीकडचे दोन वजा करा. डाव्या रॅककडं असेल तर पुढं दोन आणि उजवीकडं दोन मिळवा. मी शिकवलेल्या बेरीज-वजाबाकीवर, माझी चूक न पुसता, चारही बाजूंनी तुम्ही ती सावरून घेतली होती. शेडच्या गल्ल्या काटकोनात असतात, म्हणून ते चालतही होतं. फक्त गाडी अर्धी वळलेली असताना पट्टा एका ठिकाणाहून दुसरीकडं उडी मारत होता. तेही तुम्ही शेवटी लिहून ठेवलं होतं: तिरकं असताना उडी मारतो.

ज्या क्षणी गाडीचं मागचं अंग बाहेर येतं, नेमका तोच क्षण तेवढा राहिला होता. आणि तो सोडवायचा धडा मी सहा आठवडे दाबून ठेवला होता.

मग मी गेममधल्या बाईला पट्ट्यात नेलं. ओढणी कमरेला बांधलेली बाई; कुठून मिळवलीत कोण जाणे. किंचाळी वाजली नाही. तुमचा आवाज आला. "ताई, मागं नको. बाजूला ये. हां, शाबास." घरात आप्पा होते. ते आतून धावत बाहेर आले आणि दारात उभे राहिले. "रफिक बोलला का गं?" मी मान हलवली. आप्पा म्हणाले, "परत लाव." मी परत लावलं. चार वेळा लावलं.

ओळ मी त्याच दुपारी बदलली. तुमच्या ओळी काढायला हात धजेना, म्हणून त्यांची वेगळी प्रत करून ठेवली आहे. आता गाडी कशीही वळली तरी पट्टा तिच्या मागंच राहतो, तिरका असतानासुद्धा. दहा मिनिटं लागली. त्या सोमवारीही दहाच मिनिटं लागली असती.

सुनंदाताईंना फोन केला आणि फोनवरच सांगितलं, ती चूक माझी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग हे साहेबांना सांगायला तुमीच या." मी रजा टाकून चाकणला गेले. ट्रेनिंग रूममध्ये नवीन भरतीच्या मुली होत्या, त्या दिवशीच्यांपैकीही काही मुद्दाम बोलावलेल्या. साहेबांनी पंधरा मिनिटं दिली. मी उभी राहिले आणि सांगितलं की मागच्या वेळी मुली ज्याला हसल्या ते मी लिहिलं होतं, मला एक दिवस आधी कळलं होतं, आणि मी रफिकचाचांना सांगितलं नाही. कुणी हसलं नाही. एक मुलगी खाली बघायला लागली. तीच असावी गालिच्याबद्दल बोललेली. मला तिला सांगावंसं वाटलं की तुझा काही दोष नाही, बाई. मग प्रत्येकीनं एकेकदा खेळून पाहिलं. तुमचा आवाज त्या खोलीत सतरा-अठरा वेळा तरी वाजला असेल. साहेबांनी गेम ठेवून घेतला. निघताना मला म्हणाले, "रफिकभाई असते तर बरं झालं असतं." त्यांनी दुसरं काही म्हणायची गरज नव्हती. तेवढंच बास होतं.

परत येताना मला हलकं वाटत होतं. याचीही मला आता लाज वाटते. तीस अनोळखी माणसांसमोर बोलून मी मोकळी झाले होते. म्हटलं, आता चाचींना सांगायचं. नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीत आहेत त्या, घराबाहेर पडत नाहीत. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं, केळवणापासून.

चाचींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं बेटा."

"काय?"

"त्या मंगळवारी आले, जेवले नाहीत. साबणाचा खोका घेतला, इथं फरशीवर फिरवत बसले. इकडून फिरव, तिकडून फिरव, वहीत लिही. दोन दिवस हेच. मग म्हणाले, चूक पोरीची आहे. मी म्हटलं, मग सांगा की तिला जाऊन. म्हणाले, थांब, बघू या. पुढचे दोन रविवार गेले, तेव्हा म्हणाले, तिला कळलंय. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, ती आता वर्गात वळायचं शिकवतच नाही."

मी त्या फरशीकडं बघत राहिले.

"मी चिडले बरं का तुझ्यावर," चाची म्हणाल्या. "खोटं नाही सांगत. सगळ्यांसमोर हसं झालं त्यांचं. तर मलाच म्हणाले, स्वतःहून सांगेल ती. आपण विचारलं तर तिला खोटं बोलावं लागेल. बोलू दे तिचं तिला."

त्या उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. मी तिथंच बसून राहिले. आणि मला तुमचा शेवटून दुसरा रविवार आठवला, चाचा. डांगे चौकात तुम्ही भाजी घ्यायला स्कूटीवरून उतरलात, पण लगेच निघाला नाहीत. हेल्मेट काढून हातात धरलंत आणि मला विचारलंत, "बेटा, काही बोलायचंय का माझ्याशी?"

घरी तेव्हा माझ्या लग्नाचं चाललं होतं. मला वाटलं, आप्पांनी तुम्हाला विचारायला लावलं असेल.

मी म्हटलं, "नाही चाचा. सगळं ठीक आहे."

तुम्ही म्हणालात, "बरं." हेल्मेट माझ्या हातात दिलंत आणि चाचींनी सांगितलेली मेथी आणायला बाजाराकडं चालू लागलात.